इतिवृत्तात न आलेलं

विषय क्रमांक चार :
कारखान्याच्या डिस्टिलरीतला वायू
गावच्या माळाखाली, साडेसातशे मीटर खोल,
कायमचा पुरून ठेवणे, त्यास ना-हरकत देणे.
एवढं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं
आणि पेनाला टोपण घातलं.
पुढचं काही वहीच्या रकान्यात बसेना.

दूधगंगेकाठचं गाव. हजेरी एकशे बारा.
शिंत्रे मॅडम पडद्यावर बाण दाखवत होत्या.
निळा बाण खाली जातो,
हिरव्या थरात थांबतो, सावकाश दगड होतो.
बाण सगळ्यांना पटला.
वायू कुणालाच.

आधी उठला बाबालाल, गोटी सोड्याचा गाडीवाला.
"मॅडम, पस्तीस वर्सं मी ह्योच वायू कोंडतोय.
बाटलीत त्यो कधी सुखानं ऱ्हात न्हाई.
आतनं गोटीला ढुसण्या देत असतोय,
अंगठ्याची वाट बघत."
सभा हसली. मॅडमही हसल्या,
मग त्यांच्या लक्षात आलं, हा विनोद नव्हता.

यल्लाप्पा हसला नव्हता.
त्याचा थोरला भाऊ जुन्या विहिरीत
गाळ काढायला उतरला होता.
कंदील विझला, मागोमाग तो.
वर दोर धरून यल्लाप्पा, वय चौदा.
त्या वायूचं नाव त्याला आज कळलं,
पडद्यावर, निळ्या अक्षरात.

अक्काताई मगदूम बसूनच बोलल्या :
"मळीचं पाणी नदीत जाणार न्हाई
असं तवाबी तुमीच सांगितलं हुतं.
मग मासं पोटं वर करून आलं.
तीन दिस गाव नदीकडं पाठ करून जेवलं."
साहेब म्हणाले, ते आधीचे चेअरमन.
"आसतील. नदी तीच हाय."

मॅडमनी लॅपटॉप मिटला.
पिशवीतून दगडाची एक कांडी काढली,
बोअरमधून आलेली, मनगटाएवढी,
काळ्यावर पांढरे ठिपके.
यल्लाप्पानं ती घेतली, थुंकी लावून अंगठ्यानं पुसली.
"मांजऱ्या," म्हणाला.
"ह्येच्यात सुरुंग फुसका जातोय."

"हे ठिपके बुडबुडे होते," मॅडम म्हणाल्या,
"जमीन काहिलीतल्या रसासारखी उकळत होती तेव्हाचे.
ती निवली. पोकळीत पाणी झिरपलं,
पाण्यात विरघळून हाच वायू आला
आणि चुन्याशी सोयरीक करून बसला."
बाबालालच्या गाडीवरचं लिंबू मागवलं.
पिळलं.
दगड फसफसला, अगदी बारीक,
कान लावला तरच ऐकू यावा इतका.
"आहे तो आत. माणूस नव्हता तेव्हापासून."

"म्हंजी लिंबू पिळलं की येतोयच की भाईर!"
मागनं कुणीतरी.
पंखा तेवढा बोलत राहिला.

मग यल्लाप्पा, कांडी न सोडता :
"दगडाचं मला पटलं.
लिंबू कुणाच्या हातात ऱ्हाणार, तेवढं सांगा."

मॅडमनी आराखडा चाळला,
पुढून मागे, मागून पुढे.
"ते पान यात नाही," म्हणाल्या.
साहेबांनी घसा खाकरला.
पण त्या दिवशी कारखान्याच्या बाजूनं आलेलं
गावाला पटलेलं तेवढं एकच वाक्य.

त्यानंतर कुणी ओरडलं नाही. मागण्या सुरू झाल्या.
मीटर बालवाडीच्या भिंतीवर पायजे.
आकडा मराठीत.
किल्ली बचत गटाकडं, कंपनीकडं न्हाई.
विहिरीचं पाणी दर महिन्याला तपासायचं
आणि तपासणारा माणूस गावानं निवडायचा.
बाबालालनं हात वर केला,
अक्काताईंनी खाली घ्यायला लावला,
"तू बाटल्या बघ."

साहेब म्हणाले, वर विचारावं लागेल.
मी लिहिलं : विषय तहकूब.

कांडी परत द्यायची राहून गेली.
मॅडमचे दोन फोन येऊन गेले.
यल्लाप्पा म्हणतो, बघतोय अजून.
खिडकीत ठेवलीय, रोज सकाळी
लिंबाचा एक थेंब टाकतो, कान लावतो,
आणि मला हाक मारून सांगतो,
"आजचं लिहून ठेव."

कुठल्या रकान्यात, ते मात्र सांगत नाही.